सेवा केंद्राचा जुना संगणक : आधी बॅकअप, मग अपडेट, मग सफाई

प्रश्न राळेगाव तालुक्यातील एका ताईंचा आहे. त्या गावात सेवा केंद्र चालवतात. त्यांचा असेम्बल केलेला जुना डेस्कटॉप (सहाव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज १०, एकच हार्ड डिस्क) उन्हाळ्यात भर दुपारी आपोआप बंद पडतो आणि कॅबिनेटमधून आवाज येतो. अपडेट सुरू झाले की मोबाइलचे नेट संपते आणि दाखल्यासाठी आलेले लोक खोळंबतात, म्हणून कोणीतरी त्यांना अपडेट कायमचे बंद करून दिले आहे. फाइलींची एक प्रत त्या डी ड्राइव्हवर ठेवतात, काही फाइली गुगल ड्राइव्हवर आहेत. सफाई कशी करावी, अपडेट बंदच ठेवावे का, आणि एवढे असताना वेगळ्या बॅकअपची गरज उरते का, असे त्यांनी याच क्रमाने विचारले आहे.

ताई, मी उत्तरे उलट क्रमाने देतो, आणि तुम्ही कामेही उलट क्रमानेच करावीत अशी माझी विनंती आहे. ज्या संगणकातून आवाज येतो तो सफाईसाठी उघडण्याआधी आणि त्यात मोठे अपडेट उतरवण्याआधी त्यातील माहिती बाहेर निघालेली असली पाहिजे. विदर्भातील खेड्यांमध्ये शाळा, कृषी केंद्रे, पतसंस्था आणि सेवा केंद्रे यांचे संगणक सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), रॅम, मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) हे सारे यवतमाळ किंवा नागपूरहून एक-दोन दिवसांत मिळते. हार्ड डिस्क गेल्यावर त्यावरचे टॅलीचे (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे) खाते, अर्जांच्या पावत्या आणि स्कॅन केलेले उतारे मात्र पुन्हा गोळा करण्यासाठी लोकांच्या दारोदार फिरावे लागते, आणि तेव्हाही सगळे मिळत नाही.

पहिली गोष्ट, डी ड्राइव्हवरची प्रत हा बॅकअप नाही. तुमच्या संगणकात हार्ड डिस्क एकच आहे. सी आणि डी हे तिच्याच पृष्ठभागाचे दोन भाग आहेत. विंडोज बिघडले आणि कोणी नव्याने ‘विंडोज मारून’ दिले, तर सी पुसला जातो आणि डी वाचतो, एवढाच त्या विभागणीचा फायदा. डिस्कचा हेड (तबकडीवरची माहिती वाचणारा भाग) घासू लागला, वीज पडली, चोरी झाली किंवा खंडणीखोर व्हायरसने (फाइली अडवून त्या सोडण्यासाठी पैसे मागणाऱ्या) फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही प्रती एकाच वेळी जातात. तसेच डी ड्राइव्हवर भरवसा ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या निम्म्या फाइली प्रत्यक्षात सी ड्राइव्हवरच असतात, कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही ठिकाणे मुळात सी ड्राइव्हवर असतात. स्कॅनरचे सॉफ्टवेअर फाइल कुठे ठेवते, टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ब्राउझरमधील बुकमार्क कुठे आहेत, हे एकदा शांतपणे पाहून वहीत लिहून ठेवा. बॅकअपचे निम्मे काम ही यादी करण्यातच होते.

गुगल ड्राइव्हबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. संगणकावरचे फोल्डर ड्राइव्हशी जोडलेले असते तेव्हा तुम्ही इथे फाइल खोडली की तिथूनही ती जाते, आणि इथे बिघडलेली फाइल तिथेही बिघडलेल्या रूपात पोहोचते. खोडलेली फाइल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. त्यानंतर ती परत मिळण्याची आशा धरू नये. मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती ड्राइव्ह, जीमेल व फोटो या तिघांत वाटली जाते, त्यामुळे मोबाइलमधले व्हिडिओ चढत राहिले की कार्यालयीन फाइलींना जागा उरत नाही, आणि त्याची सूचना पाहायला कोणाला सवड नसते. याहून मोठा धोका खात्याच्या मोबाइल क्रमांकाचा आहे. खेड्यात रिचार्ज संपले म्हणून सिम बदलणे नेहमीचे आहे. पण पडताळणीचा संदेश जुन्याच क्रमांकावर जात राहिला, तर स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. गुगलच्या दोन-टप्पी पडताळणीत, संदेश मिळत नसतानाही खात्यात शिरता यावे म्हणून, दहा बॅकअप कोड मिळतात. ते आजच छापून घ्या आणि घरी, जिथे सातबारा आणि पासबुक ठेवता तिथे ठेवा. हे सर्व सांभाळले तर गुगल ड्राइव्ह दूरची एक प्रत म्हणून उत्तम आहे, फक्त ती एकमेव प्रत असू नये.

जाणकार मंडळी यासाठी ३-२-१ हा नियम वापरतात : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत त्या इमारतीबाहेर असावी. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की चालू फाइली संगणकावर, दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, आणि तिसरी गुगल ड्राइव्हवर किंवा घरी ठेवलेल्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर. जमेल तर यूएसबी हार्ड डिस्क दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक केंद्रात, एक घरी. पेनड्राइव्ह या कामासाठी घेऊ नका. ते फाइल इकडून तिकडे नेण्याचे साधन आहे. हरवते, पँटच्या खिशात धुतले जाते, आणि स्वस्तातले तर कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते.

बाहेरच्या डिस्कबाबत एक नियम मी कुणालाही मोडू देत नाही : प्रत घेऊन झाली की डिस्क सुरक्षितपणे ‘इजेक्ट’ करून केबल काढायची आणि ती कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही खंडणीखोर व्हायरस त्याच झटक्यात कुलूपबंद करतो, आणि मृगाच्या पावसात जवळपास वीज पडली तर संगणकासोबत तीही जळते. दर आठवड्याला प्रत घेताना जुनीवर नवी चढवत राहू नका. महिन्याच्या नावाने वेगळे फोल्डर करा आणि किमान मागचे तीन महिने जपून ठेवा, कारण फाइल बिघडल्याचे बहुधा त्याच दिवशी लक्षात येत नाही. टॅलीचे एखादे खाते मार्चअखेरीस उघडले जाते आणि ते जानेवारीपासूनच खराब होते असे तेव्हा कळते. टॅलीची प्रत घेताना त्यातील बॅकअपची सोय वापरा, आणि नुसते फोल्डर उचलायचे असेल तर आधी टॅली पूर्ण बंद करा.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते ती सांगतो. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली नसेल, तर ती आहे असे धरू नये. महिन्यातून एकदा डिस्क घरी किंवा ओळखीच्या दुसऱ्या केंद्रात न्या आणि चार-पाच फाइली खरोखर उघडा : एक पीडीएफ, एक एक्सेल, एक स्कॅन, एक मराठी वर्ड फाइल. मराठी फाइल मुद्दाम सांगितली. आपल्या ग्रामपंचायती, शाळा आणि झेरॉक्स सेंटरमधील जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ग्रामसभेचा अख्खा ठराव इंग्रजी अक्षरे आणि टिंबा-कंसांच्या गोंधळासारखा दिसतो आणि लोकांना वाटते की फाइल खराब झाली. फाइल धडधाकट असते, हरवलेला असतो तो फॉन्ट. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधील असे सर्व फॉन्ट बॅकअपमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा, महत्त्वाच्या जुन्या कागदांची पीडीएफ करून ठेवा (तिच्यात सहसा फॉन्ट सोबतच जातो), आणि यापुढचे सगळे टायपिंग युनिकोडमध्येच (ज्यात खरी देवनागरी अक्षरेच साठवली जातात) करा.

डिजिटल सहीच्या टोकनची (सही ज्यात असते त्या यूएसबी उपकरणाची) प्रत होत नाही. सहीची खासगी चावी त्या टोकनच्या बाहेर येऊ नये अशीच त्याची रचना असते. त्याचा पिन आणि मुदत संपण्याची तारीख तेवढी लिहून ठेवा, आणि पिन चुकत असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, टोकन लॉक होते.

लोकांच्या कागदपत्रांबद्दलही बोलणे भाग आहे. तुमच्या डिस्कवर गावातील माणसांचे आधार, बँक पासबुक आणि जातीचे दाखले आहेत. काम पूर्ण झाल्यावर ज्याची गरज नाही ते खोडून टाका. जे ठेवणे भाग आहे ते सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरने पासवर्ड घालून, एईएस-२५६ हा पर्याय निवडून ठेवा. पासवर्ड वहीत लिहा आणि वही घरी ठेवा. पासवर्ड विसरल्यास ती फाइल तुम्हालाही उघडता येणार नाही, हे लक्षात असू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती वापरणाऱ्यावर टाकली आहेच. पण कायदा नसता तरी विश्वासाने अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे आधार कुणाच्या हाती लागू नये, असे कोणालाही वाटेल.

आता अपडेट. ते बंद ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते अपडेट घेतले, त्यांच्या संगणकाची ती वाट बंद झालेली होती. अपडेटमुळे बिघाड होतो ही भीती अगदीच निराधार आहे असेही नाही : १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. यावर उपाय असा की आधी बॅकअप घ्यावा आणि मग चार-सहा दिवस थांबून अपडेट करावे. मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते उतरवण्याचा नेम ठेवा, आणि रविवार तुमच्या गावचा आठवडी बाजार असेल तर सोमवारी पहाटे. बाजाराच्या दिवशी केंद्रात गर्दी असते आणि नेमका तेव्हाच संगणक ‘बंद करू नका’ म्हणत अडून बसतो.

नेट संपण्याचा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवता येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटला विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेले) करून ठेवा, म्हणजे मोठी अपडेट्स आपसूक उतरणार नाहीत. ‘अॅक्टिव्ह अवर्स’मध्ये केंद्राची वेळ घाला, ती जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते आणि त्या वेळात संगणक स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. गरज पडली तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवण्याची सोय आहे, ती कायमचे बंद करण्यापेक्षा केव्हाही बरी. नंतर महिन्यातून एकदा ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी संगणक नेता आला किंवा रात्रीचा उरलेला डेटा वापरता आला, तर काम भागते. अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोज बहुतेक वेळा मागच्या स्थितीला परतते, तरी त्यावर विसंबू नये. बायोसचे (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट मात्र, त्यावाचून अडलेले नसेल तर, आपल्याकडच्या विजेवर करूच नका. ते अर्धवट राहिले तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते.

तुमच्या संगणकाची आणखी एक अडचण आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नियमित अपडेट्स मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली विस्तारित सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे. तिच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, त्यामुळे तुमच्या यंत्रावर ते अधिकृतपणे बसणार नाही. आडमार्गाने बसवून देणारे भेटतील, पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी पत्रव्यवहार आणि ब्राउझिंगसाठी अशा जुन्या संगणकावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली चांगली चालते. परंतु बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजवरच चालतात, म्हणून सेवा केंद्रासाठी मी ते सुचवणार नाही. पुढच्या हंगामात आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे यंत्र, वापरलेले का होईना, घेण्याची तजवीज करा. त्यात विंडोज ११ सुरू करताना बिटलॉकरचे (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे) कुलूप आपोआप लागलेले असू शकते, आणि मदरबोर्ड बदलल्यावर ते उघडण्याचा ४८ अंकी क्रमांक मागितला जातो. तो पहिल्याच दिवशी छापून घ्या. चोरीचे विंडोज चालू करून देणारी ‘अॅक्टिव्हेटर’ सॉफ्टवेअर मात्र कुणालाही टाकू देऊ नका. ती चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि व्हायरसला घरात यायला तेवढे पुरते. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल, तर दुसरा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नाही.

आता आवाज आणि दुपारचे बंद पडणे. आवाज कसला आहे ते आधी ओळखा. घरघर किंवा घासल्यासारखा अखंड आवाज पंख्याचा असतो. ठराविक अंतराने टक्-टक् होऊन संगणक थबकत असेल तर तो हार्ड डिस्कचा आहे. अशा वेळी डीफ्रॅग, चेकडिस्क अशी डिस्क आवरणारी-तपासणारी साधने काहीही चालवू नका, आधी महत्त्वाच्या फाइली उतरवून घ्या, आणि डिस्क दिसेनाशी झाली असेल तर यंत्र बंद करून जाणकाराकडे द्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगते. निळ्याऐवजी पिवळी खूण दिसली तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजा. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली की जुने यंत्रही पुष्कळ हलके चालू लागते.

दुपारीच बंद पडण्याचे कारण मात्र बहुधा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली सापडेल. तुमचा परिसर कापसाचा आहे. जिनिंग सुरू असताना हवेत उडणारी रुई पंख्यातून आत ओढली जाते आणि पंखा व हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये साठत जाऊन तिथे नमद्यासारखा घट्ट थर होतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. वरून पंखा गरगर फिरत असतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि बाहेर ४५ अंश असताना प्रोसेसर शंभरीच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. वायर बोर्डातून काढा, कॅबिनेट अंगणात न्या, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा (हवेच्या झोताने वेगात फिरली तर बेअरिंग खराब होते) आणि मऊ ब्रशने तो थर उचलून मग ब्लोअर मारा. हीटसिंक उतरवला तर जुनी सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) पुसून नवी लावावीच लागते, आणि त्याच्या चार पांढऱ्या प्लास्टिक खुंट्यांपैकी एकही तुटली असेल तर तो एका बाजूने उचललेला राहतो. तसाच बसवू नका. हे उन्हाळ्याआधी आणि जिनिंगचा हंगाम संपल्यावर करावे.

कुलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. आपल्याकडे कुलरवाचून मे निघत नाही, हे मान्य. पण त्याची ओली हवा आतल्या धुळीचा चिखल करते आणि जोडण्या गंजतात. कॅबिनेटच्या मागे पट्टी नसलेली रिकामी खाच असेल तर ती झाकून घ्या, कारण त्या फटीतून पाली आत शिरतात आणि शॉर्ट होऊन एसएमपीएस जातो.

विजेसाठी लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, जो कमी-जास्त दाब सांभाळून घेतो, आणि त्यावर लेझर प्रिंटर जोडू नका. त्याची बॅटरी आपल्या उष्णतेत दोन-तीन वर्षांच्या वर टिकेल असे धरू नका. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घाला. ढग गडगडू लागले की बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटून ठेवा. संगणकाची तारीख रोज मागे जात असेल आणि प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर दोष नेटचा नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदला.

शेवटी, जी हार्ड डिस्क काढाल ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. चालू असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, ज्यात डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली जातात, चालू नसेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून आतील तबकड्यांच्या आरपार दोन-तीन छिद्रे पाडून घ्या, आणि मगच द्या.